भाव लिहिलेला असतो, काकू

आणि वर मलाच विचारतात, "तुला गं कशाचा एवढा राग येतो? दोन शब्द बोलले तर काय बिघडलं?" दोन शब्द असते तर मी ऐकून घेतले असते, तुम्हाला सांगते, कॅशवर उभं राहून ऐकून घेण्याचेच मला पैसे मिळतात, पण छायाकाकूंचे दोन शब्द म्हणजे... इथे कॅनडात, ब्रॅम्पटनमधली शनिवारची दुपार, ग्रोसरीत पाय ठेवायला जागा नाही, लाइन पार ब्रेडपर्यंत गेलेली, दुधाच्या पिशव्या छातीशी धरून उभा असलेला एक म्हातारा गोरा स्वतःच 'सॉरी, सॉरी' म्हणतोय, का तर इथे ज्याचा पाय तुडवला जातो तोच सॉरी म्हणतो, आणि काकू काउंटरवर भेंडीची पिशवी ठेवून मला सांगतायत, "ही बघ, जून आहे. शेंडे मोडून पाहिले मी, मोडतच नाहीत." मोडत नाहीत म्हणेपर्यंत पिशवीतल्या निम्म्या भेंड्यांचे शेंडे मोडलेले. "थोडे कमी कर ना गं. आपलीच मुलगी आहेस."

आता यावर मी काय करायचं? त्या स्कॅनरला कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा रे, आपल्याच काकू आहेत, जरा कमी दाखव? मी म्हणाले, "भाव लिहिलेला असतो, काकू."

"हो गं बाई, लिहिलेला असतो," असं म्हणून काकूंनी तो सुस्कारा सोडला, तुम्ही ऐकला असेल तो, इथल्या मराठी मंडळात सगळ्यांकडे आहे, पोटातून निघतो आणि सरळ मायदेशी जातो. "हेच तर. इथे सगळं आहे, पण बाजार नाही. तिकडे कसं, ती वीस म्हणायची, आपण दहा म्हणायचं, मग ती रुसायची, आपण रुसायचं, शेवटी बारा आणि वर मूठभर कोथिंबीर. माया होती गं त्यात."

माया. बाकी काहीही बोला, मी हसून रिसीट देईन. पण हा शब्द आला की माझं डोकं फिरतं, कारण ती भाजीवाली माझी आई आहे.

म्हणजे अगदी काकूंचीच असं नाही म्हणत मी. काकू बोरिवलीच्या, आमचं घर वसईला, डॅडींची छोटीशी वाडी, आणि आई माझ्या जन्माच्या आधीपासून बोरिवलीच्या बाजारात भाजी घेऊन बसते. काकूंनी तिच्याकडून घेतलीही असेल मेथी. आठवणार कसं? नाव कोण विचारतं? तिथे सगळ्या एकच, "ए वसईवाली." शाळेला सुट्टी असली की मी टोपलीमागे गोणपाटावर बसून गृहपाठ करायचे आणि वरून आवाज यायचे. "ए वसईवाली, कितीला गं जुडी? काय? मेथी विकतेस की सोनं?" "लुटायला बसल्यात नुसत्या." "दहाला देतेस तर दे, नाहीतर ती पलीकडची देते." आणि आई हसायची. मला त्या बायांचा राग यायचाच, पण त्याहून जास्त त्या हसण्याचा यायचा. मी म्हणायचे, तू नाही म्हण ना. ती म्हणायची, मेथी थांबते का, बाय? संध्याकाळपर्यंत मान टाकते ती.

हे काकूंना माहीत नसतं, असं वाटतं तुम्हाला? संध्याकाळी बाया का यायच्या? फिरायला? संध्याकाळी मेथी मान टाकते आणि वसईवालीला घर गाठायचं असतं, हे माहीत होतं म्हणून यायच्या. आणि ज्या चपला घालून यायच्या ना, त्या काचेच्या दुकानातल्या, तिथे 'एकच भाव' अशी पाटी. तिथे नाही कोणी म्हटलं कधी की डावी चप्पल जरा जून वाटते, कमी करा. तिथे पाटी वाचता यायची. अक्षर तेच, मराठीच.

बरं, इथेही आता घासाघीस नाही असं कुठेय? आहे की. फोन काढायचा, दुसऱ्या दुकानाचा फ्लायर उघडायचा आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरायची, प्राइस मॅच, म्हणजे तिथला कमी भाव इथेही लावा. माझं काम काय, तर बटण दाबायचं. तोंडाकडे बघायचंही कारण नाही. तेही जाणार, आमच्याकडे सेल्फ चेकआउटची चार मशिन्स आली तेव्हा काकू त्या मशीनलाही म्हणाल्या, "काय गं, बोलतच नाहीस," आणि मशीन नेमकं तेव्हाच बोललं, वस्तू पिशवीत ठेवा म्हणून, तर दचकल्या.

तर अशात आई आली. कॅनडाचा दीडशेवा वाढदिवस चालला होता त्या उन्हाळ्यात, जिकडेतिकडे लाल पानं लावलेली, आणि माझी आई इमेल्डा, व्हिजिटर व्हिसावर, बॅगेत सुके बोंबील नाही आणले म्हणून पूर्ण रस्ता हळहळत, आमच्या बेसमेंटमध्ये. पहिल्याच आठवड्यात तिला दुकान दाखवायला नेलं. भाजीकडे गेली. त्या कोथिंबिरीवर आपोआप पाण्याचे तुषार उडतात, ते बघितले. जुडी उचलून वास घेतला, तोंड वाकडं केलं, परत ठेवली. मग प्रत्येक ढिगावरचं लेबल वाचत वाचत चालली. आणि बराच वेळ टोमॅटोंपाशी उभी राहून बायका बघत बसली. येतात, उचलतात, पिशवीत टाकतात, जातात.

"कोणी काही विचारत नाही?"

"काय विचारणार?"

"लिहिलेलं असतं तेवढंच देतात? सगळ्या?"

"सगळ्या. आई, भाव लिहिलेला असतो."

ती म्हणाली, "बरं आहे." एवढंच. 'माया नाही' वगैरे काही नाही. बरं आहे.

आणि तेवढ्यात मागून, "अय्या, आई का तुझ्या?" छायाकाकू. पाठीमागे भाऊसाहेब, त्यांचे मिस्टर, हातात पिशवी. भाऊसाहेब काकूंच्या मागे दोन पावलं असतात आणि हातात पिशवी असते. आई काय करतात, कुठल्या, असं करत करत काकू वसईपर्यंत पोचल्या आणि टाळीच वाजवली. "म्हणजे खऱ्याखुऱ्या वसईवाली? अहो, देवानेच पाठवलं तुम्हाला!" तर देवाने असं पाठवलं होतं, की ऑगस्टमध्ये मंडळाची पिकनिक, पार्कमध्ये, आणि त्यात यंदा 'आपला बाजार'. बांगड्यांचा स्टॉल, पापड-लोणच्याचा स्टॉल आणि खाली मोठ्या अक्षरात, 'घासाघीस करायला पूर्ण मुभा.' मुलांना आपली संस्कृती कळावी म्हणून. "आणि भाजीला तुझ्या आई बसतील! ते लाल लुगडं असतं ना तुमच्यात, ते नेसून. फोटो काय येतील गं."

लाल लुगडं माझी आजी नेसायची. आई बाजारात साध्या साडीत बसते, पावसाळ्यात वर डॅडींचा शर्ट. मी तोंड उघडणार होते, पण आई म्हणाली, "बसते की."

बसते की. तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? घरी आल्यावर मी भांडले. माझी रूममेट कृतिका हेडफोन लावून बाथरूममध्ये जाऊन बसली, इतकी भांडले. म्हटलं, तुला कळतं का, त्यांना भाजी नकोय, त्यांना तू हवीयेस, हरणारी. तिथे पोटासाठी हरत होतीस, इथे यांच्या करमणुकीसाठी हरणार? मी एवढं शिकले, एवढ्या लांब आले ते तुला पार्कमध्ये गोणपाटावर बसवून फोटो काढून घ्यायला? तुम्हा लोकांना ना, कोणी 'या' म्हटलं की पुरे, कशाला ते विचारायचंच नाही.

आई कांदा चिरत होती. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बोलून झालं? माझ्या दोन गोष्टी आहेत. माल माझा पाहिजे. दुसऱ्याच्या मालावर मी बसत नाही. आणि पाट्या तू लिहायच्या."

"कसल्या पाट्या?"

"भावाच्या. तुमच्या दुकानात असतात तशा." सुरी थांबली तिची. "इतकी वर्षं बसले, बाय. मी जो भाव सांगितला त्या भावाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत विकलं, असा एक दिवस नाही गेला. एक दिवस बघायचाय मला. जमतो का."

कांदा तिने चिरला आणि डोळ्यात माझ्या गेला.

मग आदल्या दिवशी कृतिकाच्या गाडीतून कॅलेडनकडे एका शेतावर गेलो, तिथे आपली भाजी आपणच तोडायची आणि टोपलीवर पैसे द्यायचे. पैसे अर्थात माझे. आई उन्हात ओढणी बांधून भेंडी अशी तोडत होती की शेतावरचे सरदारजी येऊन विचारायला लागले, बहनजी, काम करोगी? भेंडी, मेथी, वांगी, कोथिंबीर. रात्री पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या पाट्या कापल्या, मी मार्करने भाव लिहिले. भाव तिने सांगितले. मी म्हटलं, थोडे चढे लाव, त्या पाडणारच. सगळे तसंच करतात, तूही करतेस. तर म्हणाली, "नाही. खरा लिही. माल जेवढ्याला पडला त्याच्यावर आपली मजुरी, बस." दुकानातल्यापेक्षा कमीच होता तो. हे लक्षात ठेवा, दुकानातल्यापेक्षा कमी.

पिकनिकला आई साध्या साडीत बसली. लुगडं विसरलं म्हणाली. शेजारी बांगड्यांवर पृथ्वीराज नावाचा मुलगा, किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो नुसता आनंदात. चारच्या बांगड्यांना दहा सांगायचा आणि "ताई, तुमच्यासाठी म्हणून सहा" म्हणायचा, आणि बाया सहा देऊन अशा नाचत जायच्या जणू किल्ला घेतला. आमच्याकडे काकू आल्या, सोबत चार मैत्रिणी, फोटो काढणारी एक वेगळी. काकूंनी पदर खोचला. "काय गं वसईवाली, कशी दिली मेथी?"

आईने पाटीकडे बोट केलं. दोन डॉलर.

"दोन? मेथी विकतेस की सोनं?"

शप्पत सांगते, तेच वाक्य. समुद्र ओलांडून शब्द न् शब्द तसाच्या तसा आलेला. आई हसली. मी मनात म्हटलं, झालं, आता हरली.

"दोनच आहे, ताई. लिहिलंय."

"एक घे."

"दोन."

"बरं, तीनला दोन जुड्या, आणि वर कोथिंबीर."

"चारला दोन. कोथिंबीर एक डॉलर. लिहिलंय."

मैत्रिणी हसल्या, म्हणाल्या, छान करतात हो, अगदी खरं वाटतं. मग काकूंनी ठेवणीतलं काढलं. तुम्हाला माहितीये ते, प्रत्येक घरात शिकवतात. पिशवी झटकायची, "राहू दे तर मग," म्हणायचं आणि चालायला लागायचं. पण कसं चालायचं? पाय पुढे टाकायचा आणि कान मागे ठेवायचा. पाचही बाया त्या हिरवळीवरून निघाल्या, तुम्हाला सांगते, इतक्या हळू की त्यांच्यापुढे कॅनडातले ते लठ्ठ हंस चालत होते ते निघून गेले. एक पाऊल, थांबा. गवतात काहीतरी पडल्यासारखं बघा. दुसरं पाऊल. पाठीला कान फुटलेले. कारण इथे हाक येते. येतेच. "या ताई, घ्या, बोहनीची वेळ आहे." आयुष्यात कधी ती हाक चुकलेली नाही.

आई मेथीची पिवळी पानं निवडत होती.

बाया झाडापर्यंत पोचल्या. बाकापर्यंत. मलाच सहन होईना, मी म्हटलं, "आई, बोलव ना, त्या पार्किंगला पोचतील." आई म्हणाली, "पोचू दे." आणि पोचल्या हो, खरंच पोचल्या, आणि तिथे गाड्यांच्या मध्ये उभं राहून, पुढे जायचं कुठे हे कोणालाच न कळून, पाचही जणी वळून आमच्याकडे बघायला लागल्या.

काकू परत आल्या तेव्हा पदर खोचलेला नव्हता. "अहो, गंमत म्हणून तरी कमी करायचं. खेळच आहे ना हा."

"खेळ आहे ना?" आई म्हणाली. शांतपणे, अगदी गोड. "मग आज तुम्ही हरा की, ताई. मी पुष्कळदा हरलेय, काही होत नाही."

कोणी हसलं नाही. फोटोवालीने फोन खाली केला. काकू म्हणाल्या, "पैशाचा प्रश्न नाहीये," आणि गेल्या, या वेळी भराभर.

त्यानंतर आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. बाजूला बांगड्यांचा किल्ला दर पाच मिनिटांनी नव्याने घेतला जात होता आणि आमची मेथी उन्हात मान टाकायला लागली होती. मला वाटलं, उठवावं हिला. तेवढ्यात भाऊसाहेब आले. एकटे. पिशवी स्वतःची स्वतः धरून. इकडेतिकडे बघितलं, पाटी वाचली, दोन डॉलरचं नाणं काढलं आणि आईच्या हातावर ठेवलं. "एक जुडी." मग म्हणाले, "मला ना, भाव करायला जमत नाही. तिकडेही जमायचं नाही. सांगतील ते देऊन यायचो आणि घरी ही ओरडायची, फसवून आलात म्हणून. मग मी जाणंच सोडलं. नुसती पिशवी धरतो." पिशवी पुढे केली. "पाटी बरी असते."

आईने ते नाणं कपाळाला लावलं, छातीवर क्रूसाची खूण केली. बोहनी झाली. जुडी त्यांच्या पिशवीत घातली, आणि ते वळले तशी हात टोपलीत घालून चांगली मूठभर कोथिंबीर वरती ठेवली.

"आई," मी म्हटलं, "ती एक डॉलर आहे. मी लिहिलंय."

"त्यांनी मागितली नाही," आई म्हणाली.

आता ती कोथिंबीर पार्कभर फिरली आणि कोणाच्या नजरेला पडली सांगायला हवं का? काकू तरातरा आल्या. "यांना वर दिलीत? मग मला का नाही?"

"तुम्ही मागितलीत ना, ताई."

त्या दिवशी आणखी थोडी भेंडी गेली, दोन मुलींनी वांगी नेली, पाटीवरच्या भावाला. बाकीच्या बायका ऊन उतरेपर्यंत लांबून टेहळत होत्या. मला कळेना कशाची वाट बघतायत. आईला कळलं. "संध्याकाळच्या भावाची," ती म्हणाली, आणि उरलेल्या भाजीवर ओला गोणपाट टाकला, पाट्या गोळा केल्या, आणि सगळ्या टोपल्या उचलून गाडीत ठेवायला लावल्या. डिकीत, मागच्या सीटवर, कृतिकाच्या मांडीवर. एक भेंडी पाटीवरच्या भावाखाली दिली नाही. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती, मला वाटलं, तिला वाईट वाटलं. बघितलं तर हसत होती. बाजारातलं नाही, वेगळं. हे हसू मी आधी पाहिलंच नव्हतं.

आईला आनंद झाला, मान्य. पण टोपल्या कुठे गेल्या? आमच्या फ्रीजमध्ये. सकाळी भेंडीची भाजी, संध्याकाळी भेंडी सोलकढीबरोबर, वाळवलेली भेंडी, तळलेली भेंडी, डब्यात भेंडी. कृतिका म्हणाली, पुढच्या वेळी आईला सांग, तत्त्वासाठी भांडायचं तर टिकाऊ मालावर भांडायचं, बटाटे वगैरे.

सप्टेंबरात आई परत गेली. पाट्या बॅगेत घेऊन गेली, खरंच, मागची बाजू कोरी आहे म्हणून. परवा फोन केला, विचारलं, लावल्यास का बोरिवलीला? म्हणाली, लावल्या, टोपलीत उभ्या खोवल्यात, मोठ्या अक्षरात.

"मग? बाया काय म्हणतात?"

"वाचतात की. वाचतात आणि म्हणतात, ते राहू दे, वसईवाली, तू कितीला देणार ते बोल."

आणि इकडे शनिवार. लाइन ब्रेडपर्यंत. काकू माझ्याच काउंटरवर, मशीनवर जात नाहीत, पुढ्यात भेंडी, शेंडे मोडलेले. मी काही बोलण्याआधीच हात वर करतात, म्हणतात, "माहितीये गं, लिहिलेला असतो." सुस्कारा. मग पर्स उघडतात, आणि पर्समध्ये बघतच हळूच विचारतात, "आई कधी येणार परत?"

म्हटलं, बघू, व्हिसाचं. मग त्या भेंडी उचलतात, आणि जाता जाता...

"पण थोडे कमी कर ना."